धुऊन ठेवलेला कप

काड्‌कन आवाज झाला आणि दुपारचं झोपलेलं सगळं घर जणू दचकलं.

बर्फाचा ट्रे पिळला की आवाज होतो, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. म्हणून तर तिने तो आधी नळाच्या धारेखाली धरला होता, मग जाड टॉवेलात गुंडाळला होता आणि शेवटी पोटाशी घट्ट धरून, श्वास रोखून, चोराने कुलूप उघडावं तसा हळूहळू पिळला होता. तरी व्हायचं ते झालंच. आतल्या खोलीतून धाकटा 'ह्यॅ' म्हणाला.

ती होती तिथे पुतळा होऊन उभी राहिली. धाकट्याच्या 'ह्यॅ'नंतर दोनच गोष्टी संभवतात. एक तर तो मूठ तोंडात घालून पुन्हा झोपतो, नाहीतर पहिला 'ह्यॅ' ही नुसती प्रस्तावना होती असं सिद्ध करतो. आज मूठ तोंडात गेली असावी. तिने श्वास सोडला, ट्रेमधले कॉफीचे काळे तुकडे डब्यात भरले आणि ट्रे परत फ्रीजमध्ये सरकवला. हे सगळं कशासाठी, तर उद्या सकाळी शाळेच्या फाटकापाशी तिच्या हातात थंड कॉफी असावी आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेली दिसावी, यासाठी.

याचं मूळ नवऱ्याच्या मोबाइलमध्ये होतं. धाकटा झाल्यापासून ती रजेवर होती, आणि रजेचा पगारी भाग संपून बिनपगारी भाग सुरू झाला तसं नवऱ्याने घरखर्चाला शिस्त लावायचं मनावर घेतलं. खर्चाचं गोल चित्र काढून देणारं काहीतरी त्याने मोबाइलवर घेतलं. त्या गोलात भाडं, दूध, औषधं असे सगळे सभ्य रंग होते आणि मधेच एक तपकिरी फोड. "ही कसली गं?" त्याने अगदी निरागसपणे विचारलं. तो खरंच निरागस आहे, आणि म्हणूनच त्याचे प्रश्न इतके लागतात.

ती फोड कॉफीच्या दुकानाची होती. थोरलीला शाळेत सोडताना, धाकट्याला छातीशी बांधून ती तिथे थांबायची. बसायची नाही, बसायला वेळ कुठला. पण काउंटरपलीकडची मुलगी हसून विचारायची, "नेहमीचीच ना?" दिवसभरात तिला कुणाची तरी आई म्हणून नव्हे, तर तिची ती म्हणून ओळखणारं तेवढं एकच माणूस होतं. हे नवऱ्याला सांगायला गेली असती तर त्या वाक्यावर तिलाच रडू आलं असतं. म्हणून ती म्हणाली, "त्यात काय, मी घरी करीन." बरीच संकटं याच वाक्याने घरात शिरतात.

पहिल्या दिवशी तिने गरम कॉफी बर्फावर ओतली. बर्फ गेला, कॉफी कोमट झाली आणि पेल्यात जे उरलं त्याला फडकं धुतलेलं पाणी म्हणता आलं असतं, पण फडक्याला निदान स्वतःचा वास असतो. दुसऱ्या दिवशी मिक्सर लावला. धाकटा उठून रडला, त्याचं बघून थोरली रडली, आणि फेस मात्र फक्कड आला, तो प्यायला कुणी मोकळं नव्हतं. मग मोबाइलवर एक दाढीवाला तरुण भेटला. तो म्हणाला, जाडसर दळलेली कॉफी रात्रभर गार पाण्यात भिजवा, सकाळी निवांत गाळा, आणि थोड्या कॉफीचाच बर्फ करून ठेवा, म्हणजे पेला पाणचट होत नाही. 'निवांत' हा शब्द त्याने फार सहज उच्चारला. त्याच्या घरात मूल दिसत नव्हतं.

सल्ल्यांचा तोटा नव्हता. सासूबाई फोनवर म्हणाल्या, त्यापेक्षा साधं पाणी पी. शेजारच्या काकू म्हणाल्या, गाळणीने भागणार नाही, कापड लागेल. काकू म्हणजे निवृत्त नर्स. एकट्या राहतात, गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही इतक्या कुंड्या, आणि धाकट्याला पहिल्यांदा आंघोळ घालताना हिला त्याला हात लावायचा धीर होत नव्हता तेव्हा त्याच बाह्या सरसावून आत आल्या होत्या. कापड म्हणजे मलमल, असं काकू सांगायच्या राहिल्या, आणि हिने हाताला लागलं ते घेतलं. ते धाकट्याचं लंगोट होतं. अगदी कोरं, एकदाही न वापरलेलं, हे तिने पुढे अनेकांना शपथेवर सांगितलं. त्यातून कॉफी उतरलीही सुरेख. पण धुऊनही डाग जाईना, म्हणून रोज नवं लंगोट लागू लागलं. दोरीवर ओळीने वाळणारी तपकिरी लंगोटं बघून नवऱ्याने फोटो काढून परस्पर मुलांच्या डॉक्टरांना पाठवला. डॉक्टरांनी विचारलं, वास कसा आहे. नवऱ्याने वास घेऊन प्रामाणिकपणे कळवलं की कॉफीसारखा. त्यावर डॉक्टरांचा निरोप आला तो असा, की बाळाच्या आईला माझ्याशी बोलायला सांगा.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही एक हसण्यासारखी गोष्ट झाली असती. पण मधे कप आला.

दुकानातला शेवटचा प्लास्टिकचा कप तिने धुऊन ठेवला होता. घट्ट झाकण, त्यातून वर येणारी नळी, धाकट्याला बांधून चालताना सांडत नाही, एवढाच त्यात विचार. देवाशपथ एवढाच. थोरलीने एकदा घोट मागितला आणि सवयीप्रमाणे झाकणाच्या कडेला दात लावून पाहिले. तिचा खालचा एक दात नुकताच पडला होता, त्यामुळे सध्या ती दिसेल ते चावून बघत होती. कड जराशी मुडपली, पण लक्षात येण्यासारखं काही नव्हतं.

तो कप घेऊन ती फाटकापाशी उभी असताना दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. कपाळावर केस येत नाहीत, मुलाचा डबा विसरत नाहीत, आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपल्या खांद्यावर दुधाचा डाग आहे हे आठवतं. त्या कपाकडे बघून म्हणाल्या, "किती छान गं. दोन मुलं सांभाळून स्वतःसाठी वेळ काढतेस. मला तर त्या दुकानाकडे वळायलासुद्धा जमत नाही."

इथे खरं सांगायला एक श्वास पुरला असता. 'घरचीच आहे हो,' बस. पण कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्याकडे, खांद्यावरच्या डागासकट, छान म्हणून बघत होतं. ती नुसती हसली. घरी येताना थोरलीला म्हणाली, कॉफी आपण घरी करतो हे कुणाला सांगायचं नाही हं, आपलं गुपित. थोरलीने विचारलं, का? ती म्हणाली, असंच. थोरलीने मोठ्या जबाबदारीने मान डोलावली. तिचं ते मान डोलावणं आईला कुठेतरी टोचलं, पण तेवढ्यात सिग्नल सुटला आणि रस्ता ओलांडायचा होता.

खोटं न बोलता नुसतं हसलं, तरी त्याची सरबराई रोज करावी लागते. आता कप रोज हवा, आणि इथेच चोथ्याचा प्रश्न उभा राहिला. इमारतीत कचऱ्याची समिती आहे आणि डॉक्टरीणबाई तिच्या प्रमुख आहेत. सकाळी प्रत्येकाने ओल्याची आणि सुक्याची बादली दाराबाहेर ठेवायची. बाई हातमोजे, मास्क घालून एकेक झाकण उचलतात, आत बघतात आणि चुकलेल्यांना गोड शब्दांत समज देतात. ओल्या बादलीत रोज ओंजळभर कॉफीचा चोथा दिसला असता तर दुकानातल्या कपाचं काय राहिलं असतं? म्हणून ती चोथा सिंकमध्ये ओतायची आणि वरून कढत पाणी सोडायची. पहिले काही दिवस पाइपाने मुकाट्याने सगळं गिळलं. सोशिक लोकांसारखंच पाइपाचं असतं, भरेपर्यंत पत्ता लागू देत नाही.

त्या दुपारी ट्रे फ्रीजमध्ये सरकवून ती वळली, तर सिंक म्हणालं, 'गुडुप'. मग खालून जोरजोरात हाका ऐकू आल्या. मग बेल वाजली, धाकट्याची प्रस्तावना संपून ग्रंथ सुरू झाला, आणि दारात खालचे बँकवाले काका उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत वर आणि पाय घोट्यापर्यंत काळे. त्यांच्या स्वयंपाकघरात सिंकमधून उलटं पाणी आलं होतं. बँकवाले काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण इमारतीचे चिटणीस असल्याने त्यांची कचेरी काही बंद झाली नाही. त्यांनी दारातच जाहीर केलं की ही घटना साधी नसून याची रीतसर चौकशी होईल.

चौकशी दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलांना शाळेत सोडून सगळे परतल्यावर झाली. प्लंबरने लांब तार घालून पाइपातून काळाभोर गोळा ओढून काढला. तो चिमटीत घेतला, चोळला, उजेडात धरला आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, "माती. कुंडीतली आहे." बँकवाल्या काकांना बारमाही सर्दी, त्यांना वासाचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर मास्क. दुसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी म्हणालं, कॉफीचा वास येतोय का हो? सगळ्यांनी तिच्या हातातल्या कपाकडे पाहिलं आणि सगळ्यांचं समाधान झालं.

त्या क्षणी तिला वाटलं, आत्ता फरशी दुभंगावी. फरशी चांगल्या प्रतीची होती.

तिच्या मजल्यावर दोनच घरं, तिचं आणि काकूंचं, आणि दोघांचा पाइप एकच. कुंड्या कुणाकडे, हे सांगायची गरज नव्हती. काकूंनी त्या गोळ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "असेल बाई. रोपं बदलते तेव्हा हात सिंकमध्येच धुते मी." बँकवाल्या काकांनी तिथल्या तिथे ठराव केला. पाइप सामाईक, म्हणून त्या मजल्यावर कुंड्या नकोत, येत्या रविवारपर्यंत हलवाव्यात. डॉक्टरीणबाईंनी वाईट वाटतंय असं सांगून हात वर केला. बाकीच्यांचे हात वर गेले. हिच्या एका हातात धाकटा होता आणि दुसऱ्यात कप. त्यामुळे तिचा हात वर गेला नाही, आणि या गोष्टीचा तिने पुढे बरेच दिवस स्वतःशी आधार घेतला.

रविवारपर्यंत तिने खरं बोलण्याखेरीज बाकी सगळं करून पाहिलं. नवऱ्याला सांगितलं, तू समितीत बोल. तो म्हणाला, काय बोलू? तिने सांगितलं, झाडांमुळे हवा शुद्ध राहते असं बोल. तो बोलला. बँकवाले काका म्हणाले, हवेबद्दल समितीचं काही म्हणणं नाही, पाणी तुंबलंय. मग तिने कुंड्या आपल्या गॅलरीत ठेवून घेते म्हणून सांगितलं. तेही नामंजूर, कारण मजला तोच आणि पाइपही तोच. शेवटी तिने विचारलं, तो गोळा एकदा कुठे तपासून घेता येईल का? काका म्हणाले, येईल की, पण अर्ज ज्यांच्यावर ठपका आहे त्यांनी करायचा, तुमचा काय संबंध? आपला काय संबंध याचं तिच्याकडे चांगलं सविस्तर उत्तर होतं. ते गिळून ती घरी आली.

बरं, कॉफी एकदम बंद करणंही संशयास्पद दिसलं असतं. म्हणून ती चालूच राहिली. चोथा आता लंगोटांच्या पिशवीत लपून बाहेर पडू लागला आणि कॉफीच्या दुकानाबाहेरच्या कचरापेटीत जाऊ लागला. म्हणजे दुकानाचा कप घरात आणि घराचा चोथा दुकानात. एकदा ती पेटीवर वाकलेली असताना काचेमागून काउंटरवरच्या मुलीने ओळखीचं हसून हात हलवला. हिनेही हलवला, पिशवीसकट. त्या दिवशीची कॉफी ती प्यायलीच नाही.

काकू मात्र रोजच्यासारख्याच. धाकट्याला घेत होत्या, थोरलीचा भांग पाडत होत्या, आणि मधेच म्हणत होत्या, जाईच्या वेलाला तिकडे माझ्या भाचीकडे ऊन कमी पडेल की काय कोण जाणे. हिला मुलीचे केस धरून बसलेल्या त्या म्हाताऱ्या बोटांकडे बघवत नव्हतं.

शनिवारी थोरलीला शाळेतून घेऊन ती लिफ्टबाहेर पडली, तर कुंड्या भिंतीशी ओळीने मांडलेल्या. बँकवाले काका त्या मोजत होते, डॉक्टरीणबाई मास्क लावून खाली कागद अंथरत होत्या, मातीचा कण सांडायला नको म्हणून. काकू जाईची कुंडी पोटाशी धरून उभ्या होत्या. थोरलीने विचारलं, "काकू, झाडं कुठे चालली?"

"माझ्या भाचीकडे गं. इथे पाइपात माती जाते ना त्यांची."

"माती नाही काही. पाइपात तर आईची..."

तिचा हात थोरलीच्या तोंडावर कधी गेला ते तिला कळलंच नाही. थोरली फार आज्ञाधारक आहे, ती लगेच गप्प झाली. तळहाताला तिचे ओठ लागत होते, गरम, ओलसर, पुढचा शब्द अजून तसाच धरून ठेवलेले. डोळे मात्र आईकडे वर वळले होते आणि त्या डोळ्यांत राग नव्हता. 'चुकले का मी?' एवढंच होतं.

तिने हात काढला.

"माझी कॉफी," ती म्हणाली. "पाइपात माझ्या कॉफीचा चोथा होता. माती नव्हती. काकूंचा काही संबंध नाही."

एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. दाढीवाला तरुण, लंगोटं, मुलांचे डॉक्टर, धुतलेला कप, दुकानाबाहेरची कचरापेटी, सगळं तिने त्या लिफ्टपुढे सांगून टाकलं. लंगोट कोरं होतं हे दोनदा सांगितलं. धाकटा छातीशी तिच्या आवाजाच्या ठोक्यावर शांतपणे डुलत होता. आपल्या आईची अब्रू जात आहे याची त्याला कल्पना नव्हती.

बोलणं संपलं. मग डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली केला. "कप दुकानातला नाही, हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. झाकणावर चावल्याची खूण आहे, मधला एक दात नसलेली. तुझ्या लेकीचं तोंड मीच तपासलंय ना? रोज नवा कप आणि त्यावर रोज तीच खूण, असं कसं होईल?" त्या थोड्या अवघडल्या. "मला वाटलं, बोलत नाही तर असेल काही. घरी कॉफी करणं हा काय गुन्हा आहे? त्या गोळ्याशी मात्र मी ते जोडलं नाही. माझंच चुकलं, काकू."

काकूंनी कुंडी खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन सरळ झाल्या. "मला तर तेव्हाच वास आला होता. जन्म वॉर्डात काढलाय, नाक शाबूत आहे अजून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" तिचा आवाज फाटला. "तुमची झाडं चालली होती, काकू."

"तू त्या कपाला इतकी घट्ट धरून उभी होतीस," काकू म्हणाल्या. "वाटलं, आज नाही तर उद्या सोडशील."

त्या दोन वाक्यांत रागाचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं. राग आला असता तर तिला निदान माफी मागता आली असती. नुसतं असं वाट बघत थांबलेल्या माणसाला काय म्हणायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती खाली बसली आणि जाईची कुंडी उचलू लागली. पोटाशी धाकटा बांधलेला असताना कुंडी उचलता येत नाही, हे उचलायला गेल्यावर कळलं.

बँकवाले काका शिंकले. झालेला ठराव असा उभ्या उभ्या मागे घेता येत नाही, त्यासाठी पुन्हा सभा घ्यावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. मग सगळ्यांचे चेहरे बघून म्हणाले, तोपर्यंत कुंड्या तात्पुरत्या जागच्या जागी ठेवायला हरकत नसावी. आणि कॉफीचा चोथा झाडांना चांगला असतो असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं, तेव्हा यापुढे तो काकूंनीच घ्यावा. काकू म्हणाल्या, "माझ्या झाडांना नसती व्यसनं लावू नका. तो बादलीत जाऊ दे, ओल्या." डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, आणि कुणीही न सांगता एकेक कुंडी उचलून आत नेऊ लागल्या.

संध्याकाळी तिने कॉफी केली. काकूंच्या गॅलरीत, कुंड्या बाजूला सरकवून, साध्या काचेच्या पेल्यांत. काकूंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, इतक्या उपद्व्यापानंतर एवढीच लागते होय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर नाही घातलीस ते उत्तम केलंस. नवरा म्हणाला, झकास. त्याने अजून पेल्याला तोंड लावलं नव्हतं. ती सगळ्यांबरोबर हसली खरी, पण मान वर करून कुणाकडे बघवत नव्हतं. हातात धरायला आज कपही नव्हता.

थोरली तिच्या मांडीला टेकून बसली होती. पेल्यातला काळा बर्फाचा तुकडा बोटाने खाली दाबायचा आणि तो पुन्हा वर आला की बघायचं, असं तिचं बराच वेळ चाललं होतं. मग तिने बोट चोखलं, तोंड वाकडं केलं आणि वर पाहिलं.

"आई, डॉक्टरमावशींना माहीत होतं. काकूंना माहीत होतं. बाबांना माहीत होतं, मला तर पहिल्यापासून माहीत होतं. मग आपण लपवत कुणापासून होतो?"